नवसाचा पोलिएक्त, आणि त्याला मरायला कारण देणारी मंडळी

विंगेतून

मागे नाट्यपदांच्या धाग्यावर मी ओघात एका फ्रेंच नाटकाचं नाव घेतलं होतं. दोघातिघांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलं, हा पोलिएक्त कोण? उत्तर लांबायला लागलं म्हणून वेगळा धागा काढतेय. चहा घेऊन बसा.

आधी नाव. मूळ ग्रीक पोलिएउक्तोस. ‘पोलि’ म्हणजे पुष्कळ आणि पुढचा भाग मागणं, प्रार्थना या अर्थाचा. म्हणजे ज्याच्यासाठी देव पाण्यात घालून बसावं असा मुलगा. आपल्याकडे सरळ ‘नवसाचा’ म्हणतात. फ्रेंचांनी त्याचा पोलिएक्त केला, इटालियनांनी पोलिउतो. आणि या नवसाच्या मुलाने पुढे काय केलं, तर देव फोडले.

परंपरेने आलेली गोष्ट इतकीच: तिसऱ्या शतकाचा मध्य. रोमन सैन्यातला एक अधिकारी, गाव मेलितेने, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं मालात्या. जिवलग मित्र नेआर्कोस ख्रिस्ती. ख्रिस्ती लोकांनी रोमन देवांपुढे बळी द्यावा असा सम्राटाचा हुकूम निघतो. पोलिएक्त तो हुकूम फाडतो, मिरवत नेल्या जाणाऱ्या मूर्ती हिसकावून जमिनीवर आपटतो. बायको पाउलिना रडून विनवते, सासरा फेलिक्स समजावतो. हा ऐकत नाही. शिरच्छेद.

पोथीला एवढं पुरतं. नाटकाला पुरत नाही. नाटकवाल्यापुढे प्रश्न असतो की हा आजच का मरतोय, आणि तो मेल्याने कुणाचं काय जातंय? पोलिएक्तला हात लावणाऱ्या प्रत्येकाला या प्रश्नाचं उत्तर पदरचं घालावं लागलं. माझा सगळा रस त्यात आहे.

पहिला मोठा माणूस फ्रेंच नाटककार पिएर कॉर्नेय. त्याची ‘पोलिएक्त’ ही शोकांतिका 1643 मध्ये छापली गेली. त्याने काय केलं, तर एक पात्र स्वतःच्या मनाने घातलं: सेव्हेर. पोलीनचं (पाउलिनाचं फ्रेंच रूप) रोममध्ये याच्यावर प्रेम होतं, पण तो पडला गरीब. बापाने नकार दिला. मग तो लढाईत मेल्याची बातमी आली, बाप अर्मेनियाचा गव्हर्नर झाला, आणि पोलीनने बापाच्या शब्दाखातर तिथल्या खानदानी पोलिएक्तशी लग्न केलं. नाटक सुरू होतं तेव्हा लग्नाला पंधरा दिवस झालेत, आणि सेव्हेर जिवंत आहे, नुसता जिवंत नाही तर सम्राटाचा उजवा हात होऊन गावात येतोय. आता बोला.

सगळ्यात अस्सल माणूस मला सासरा वाटतो. फेलिक्सला जावई मारायचा नाही. सेव्हेर स्वतः येऊन सांगतो, सोडा त्याला. पण फेलिक्स आयुष्यभर दरबारात वावरलेला. त्याला वाटतं हा सापळा आहे: मी सोडलं की हा वर कळवणार, गव्हर्नर हुकूम पाळत नाही म्हणून. खुर्ची जाईल या भीतीने तो जावयाला वधाच्या जागी पाठवतो. आपल्या ओळखीतल्या कुठल्याही मोठ्या साहेबाचा चेहरा इथे चपखल बसतो.

आणि मूळ धाग्यावर ज्याचा उल्लेख केला होता ते चौथ्या अंकातलं स्वगत. सगळं नाटक बारा अक्षरी ओळींमध्ये चाललेलं असतं. पोलिएक्त कैदेत एकटा पडतो आणि अचानक छंद बदलतो. दहा ओळींचं कडवं, पहिल्या पाच ओळी बारा अक्षरी, पुढच्या पाच आठ अक्षरी. पाच लांब श्वास, मग पाच तुटक. जगातल्या सुखांना तो निरोप देतोय. पहिल्या कडव्याच्या शेवटी म्हणतो की तुमच्या सुखाला काचेची चकाकी आहे, म्हणून काचेचा ठिसूळपणाही आहे. ‘काच’ हा शब्द मोठ्याने वाचून बघताना त्या आखूड ओळीत खरंच काहीतरी तडकल्यासारखं होतं. गद्य थांबून पद सुरू झाल्यावर आपल्या थिएटरात जी हालचाल होते, खुर्चीत सावरून बसण्याची, तीच जागा ही. फक्त इथे पेटी वाजत नाही.

हे नाटक रंगभूमीवर येण्याआधी पॅरिसच्या रांबुइए वाड्यातल्या रसिक मंडळींपुढे वाचलं गेलं. समोर टाळ्या, पण नंतर व्हॉआत्यूर नावाच्या कवीला कॉर्नेयकडे पाठवून निरोप दिला, की त्यातला ख्रिस्ती धर्म काही लोकांना रुचला नाही. कॅथलिक राजाच्या कॅथलिक राजधानीत! श्रद्धा चर्चमध्ये ठीक, नाटकात कशाला, असा तो भाव. (कॉर्नेयने निरोप ऐकून घेतला आणि नाटक केलं. चाललंही.)

आता संगीत. 1838, नेपल्स. इटालियन संगीतकार दोनिझेत्ती सान कार्लो थिएटरसाठी ‘पोलिउतो’ हा ऑपेरा लिहितोय, शब्द साल्व्हादोरे काम्मारानोचे. विषय सुचवला आदोल्फ नूरी या फ्रेंच गायकाने. नूरी म्हणजे पॅरिस ऑपेराचा पहिल्या मानाचा टेनर, म्हणजे चढ्या आवाजाचा पुरुष गायक. रोस्सिनीच्या ‘ग्विय्योम तेल’ या ऑपेरातला आर्नोल्द पहिल्यांदा त्यानेच गायला, 1829 मध्ये. पण 1837 मध्ये पॅरिसला ड्युप्रे नावाचा दुसरा टेनर आला. त्याच ऑपेरात, त्याच भूमिकेत, वरचा सा त्याने छातीच्या आवाजात लावला. तोवर टेनर तिथे हलक्या, डोक्याच्या आवाजात जायचे. (पाश्चात्त्य स्वरलिपीत तो वरचा ‘सी’. ‘सा’ म्हटलं म्हणून जाणकारांनी मारू नये.) लोक वेडे झाले. नूरीने पॅरिस सोडलं आणि इटालियन गायकी नव्याने शिकायला दोनिझेत्तीकडे गेला. छत्तिशी गाठलेला, नाव कमावलेला माणूस पुन्हा विद्यार्थी. पोलिउतो ही त्याची परतीची भूमिका ठरणार होती.

नेपल्सचा राजा फेर्दिनांद दुसरा याने खेळावर बंदी घातली. कारण? ख्रिस्ती संताचं हौतात्म्य रंगमंचावर दाखवायचं नाही. संतांची जागा पंचांगात आणि प्रार्थनेत.

दोनिझेत्ती वैतागून पॅरिसला निघून गेला. नूरी नेपल्समध्येच राहिला, दुसऱ्या भूमिका गायला, पण मनातून खचत गेला. 8 मार्च 1839 च्या पहाटे त्याने इमारतीवरून उडी मारली. वय 37. शव फ्रान्सला नेताना मार्सेयमध्ये प्रार्थना झाली, तिथे ऑर्गनवर बसला होता संगीतकार शोपँ. त्याने शुबर्टचं एक गाणं वाजवलं.

दोनिझेत्तीने तेच संगीत पॅरिससाठी वाढवलं, स्क्रीब या फ्रेंच नाटककाराने शब्द लिहिले, चार अंकी ‘ले मार्तीर’ 10 एप्रिल 1840 ला पॅरिस ऑपेरात उभं राहिलं. आणि नूरीसाठी योजलेली ती भूमिका गायला कोण? ड्युप्रे.

कुणी नाटककाराने असं लिहिलं असतं तर आपण म्हटलं असतं, जरा जास्तच जमवलंय.

टपरीवरचा_चहा

आधी जागा अडवतो, मग वाचतो.

(वाचलं. ड्युप्रेच्या नावापाशी थांबून परत वर गेलो.)

मुळाकाठ

लेख छान. पण एक प्रामाणिक अडचण मांडतो. मूर्ती फोडणारा माणूस मी नायक म्हणून कसा बघू? दुसऱ्यांच्या पूजेत घुसून त्यांचे देव आपटतो आणि वर शहीद. गावातल्या जत्रेत कुणी असं केलं तर आपण त्याच्यावर नाटक लिहू का? आणि जो चांगुलपणाने वागतो तो सेव्हेर बिचारा बाजूलाच.

विंगेतून

मुळाकाठ, अडचण खरी आहे, आणि ती तुमची एकट्याची नाही. चौथ्या शतकाच्या सुरुवातीला स्पेनमध्ये एल्व्हिराला धर्मसभा भरली होती. तिच्या नियमांतला साठावा नियम असा: कुणी मूर्ती फोडली आणि तिथेच मारला गेला, तर त्याची गणना रक्तसाक्ष्यांत करू नये, शुभवर्तमानात असं काही सांगितलेलं नाही. म्हणजे चर्चमध्येही हा वाद तेव्हापासूनचा.

सेव्हेर बाजूला आहे हे मात्र मान्य नाही. शेवटच्या प्रवेशात कॉर्नेय त्याच्या तोंडी काय देतो बघा: प्रत्येकाला आपापले देव असावेत, त्याने त्यांना आपल्या रीतीने, शिक्षेच्या भीतीविना भजावं, हे मला पटतं. ‘पोलिएक्त’ नावाच्या नाटकात हे वाक्य एका बिगरख्रिस्ती रोमन माणसाचं आहे. तो धर्म बदलत नाही. पोलीन बदलते, फेलिक्सही बदलतो (फेलिक्सचं मला आजही पटलेलं नाही, फार घाईत उरकलंय), सेव्हेर आहे तसाच राहतो, फक्त छळ थांबवायचं बोलतो. मूर्ती फोडण्याचा प्रसंगही कॉर्नेयने रंगमंचावर आणलेला नाही, पोलीनची सखी धावत येऊन सांगते. आपल्याला दिसतात ते फक्त त्या घरातले परिणाम.

पापडी_तलाव

वर तुम्ही ‘रक्तसाक्षी’ वापरलात म्हणून लॉगिन केलं. आम्ही वसईचे. आमच्याकडे चर्चमध्ये हाच शब्द. ‘हुतात्मा’ म्हटलं की डोळ्यांपुढे फ्लोरा फाउंटनजवळचं स्मारक येतं, ‘रक्तसाक्षी’ म्हटलं की वेदीवरचे संत. आणि मूळ ग्रीक शब्द ‘मार्तिस’चा अर्थच साक्षीदार आहे, कोर्टात असतो तो. मरण त्याला नंतर चिकटलं. तेव्हा मराठी शब्द मुळाला जास्त धरून आहे.

त्या अर्थाने बघितलं तर नाटकातली खरी साक्षीदार पोलीन नाही का? ती नवऱ्याचा मृत्यू डोळ्यांनी बघून येते.

विंगेतून

पापडी तलाव, अगदी! तिचं ते वाक्यच तसं आहे. वधाच्या जागेवरून परत येते, अंगावर त्याच्या रक्ताचे शिंतोडे, आणि म्हणते: मी पाहते, मला कळतं, मी विश्वास ठेवते, माझा भ्रम फिटला. पहिलं क्रियापद ‘पाहते’. साक्षीदार असाच सुरू करतो. हा धागा लिहिताना मला हे सुचलं नव्हतं, म्हणून दोनदा आभार.

भैरवी_मात्रा

दोनिझेत्तीत मत्सर हा भाग आहे ना? मी जे रेकॉर्डिंग ऐकलं त्यात पोलिउतो बायकोवर संशय घेतो. कॉर्नेयचा नायक तर उलट, बायको सेव्हेरच्या स्वाधीन करून मोकळा होतो.

विंगेतून

बरोब्बर पकडलंत, आणि इथेच ते ‘मरायला कारण’ प्रकरण येतं.

कॉर्नेयच्या पोलिएक्तला कारण लागतच नाही. त्याच्यावर कृपा उतरलीय, तो निघाला. बायकोला म्हणतो तुम्ही दोघं एकमेकांना शोभता. ते वाचताना अंगावर काटा येतो आणि रागही येतो.

काम्मारानोला हे इटालियन प्रेक्षकापुढे चालणार नव्हतं. त्याचा पोलिउतो पहिल्यापासून जळतोय. काल्लिस्तेने नावाचा धर्माधिकारी कान भरतो. म्हणजे देवळात जाऊन वेदी उलथवणाऱ्या हातात थोडी श्रद्धा आणि थोडा संशय. आणि शेवट बदललाय: पाउलिना तुरुंगात येते, म्हणते सुटका करून घे, तो नाही म्हणतो, आणि त्याचं मन बघून ती त्याच्याबरोबर मरायला तयार होते. दोघं हातात हात घालून रिंगणाकडे जातात.

मग स्क्रीब येतो. तो पॅरिसवाला, घरी कॉर्नेय पाठ असलेली पब्लिक. तो मत्सर काढून टाकतो आणि तिसऱ्या अंकाच्या शेवटी नायकाच्या तोंडी चक्क श्रद्धेचा अंगीकार घालतो, चर्चमध्ये म्हणतात तो. शिवाय ड्युप्रेसाठी एका गाण्यात असला चढा स्वर लिहिलाय की आजही तो गाठणारे विरळा. 2014 मध्ये लंडनच्या ऑपेरा रारा संस्थेने मार्क एल्डरच्या हाताखाली हे सगळं ध्वनिमुद्रित केलं, त्यात मायकेल स्पायर्सने तो घेतलाय. जाऊन ऐका.

मला विचाराल तर मत्सरी पोलिउतो जास्त जवळचा. स्क्रीबचा भव्य आहे, पण त्याच्याशी बोलायला काही नसतं.

टपरीवरचा_चहा

नेपल्सच्या राजाचं वाचून ‘कीचकवध’ आठवलं. तिथे इंग्रजांनी 1910 मध्ये बंदी घातली ती कीचकाच्या जागी कर्झन दिसला म्हणून. म्हणजे पौराणिक कथेत राजकारण शोधलं. इथे राजा स्वतः त्याच धर्माचा, कथा त्याच धर्माची, आणि भीती कशाची? नटाने रंग लावून संत होण्याची?

विंगेतून

हो, साधारण तीच. रंगमंच अपवित्र जागा, तिथे संताने पाय ठेवायचा नाही. ‘पोलिउतो’ नेपल्सला लागला 30 नोव्हेंबर 1848 ला. दोनिझेत्ती त्याच वर्षी 8 एप्रिलला बेर्गामोत वारला होता. आधीची काही वर्षं मेंदू पार निकामी झालेल्या अवस्थेत. म्हणजे ज्याने सुचवलं तो नाही, ज्याने रचलं तोही नाही.

सेन्सॉरने या विषयाची पाठ सोडलेली नाही. 7 डिसेंबर 1960, मिलानचं ला स्काला ऑपेरागृह, मोसमाचा पहिला दिवस. गायिका मारिया कॅलास बऱ्याच काळाने त्या रंगमंचावर परततेय, पाउलिना म्हणून. कोरेल्ली पोलिउतो, बास्तियानिनी सेव्हेरो. दिग्दर्शन व्हिस्कोन्ती करणार होता. पण त्याच्या दुसऱ्या कामांवर इटालियन सेन्सॉरने कात्री लावली, म्हणून निषेध करून तो बाहेर पडला आणि हेर्बर्ट ग्राफने खेळ उभा केला. त्या रात्रीचं ध्वनिमुद्रण मिळतं. आवाज जुनाट आहे, मध्ये प्रेक्षक खोकतात, पण चालतं.

बॉस्फरसवरून

नोकरीनिमित्त इस्तंबूलमध्ये असतो, म्हणून थोडी भर. कॅलासने मोजकेच प्रयोग केले, पुढचे गायली लेयला गेंजेर, ती इस्तंबूलची. पोलिएक्तचं मेलितेने आज तुर्कस्तानातच, तेव्हा एक प्रकारे माहेरची माणूस.

दुसरं म्हणजे इथे त्याचं देऊळ होतं. साराचहाने भागात, महापालिकेच्या इमारतीसमोर. 1960 मध्ये रस्त्याचं काम चालू असताना जमिनीतून कोरीव संगमरवर वर आला, त्यावर ग्रीक अक्षरं. अभ्यासकांनी ती ओळखली: एका जुन्या ग्रीक काव्यसंग्रहात एका चर्चमधली 76 ओळींची कविता उतरवून ठेवलेली होती, तिचेच हे तुकडे. सहाव्या शतकात अनिकिया युलियाना या राजघराण्यातल्या बाईने बांधलेलं संत पोलिएक्तचं चर्च. हागिया सोफिया उभी राहीपर्यंत शहरात याच्याएवढं मोठं चर्च नव्हतं.

तिची एक गोष्ट सांगतात. सम्राट जस्टिनियनने तिच्याकडे सोनं मागितलं. म्हणाली, थोडं थांबा, गोळा करते. तेवढ्यात सोनाराकडून सगळ्याचे पत्रे ठोकून घेतले आणि चर्चच्या छताला आतून मढवले. मग सम्राटाला आत नेलं आणि म्हणाली, वर बघा, ही माझी गरिबाची पुंजी, हवी तर घ्या. देवाच्या डोक्यावरचं छप्पर उचकटणार कोण?

पापडी_तलाव

ही बाई कुठल्याही नाटकात चालेल!

बॉस्फरसवरून

आता तिथे खड्डा आहे, विटांच्या भिंती आणि मांजरं. चांगले नमुने संग्रहालयात. 1204 मध्ये क्रूसेडवाल्यांनी शहर लुटलं, त्यात बरंच व्हेनिसला गेलं. तिथल्या सान मार्को चर्चच्या बाजूला दोन चौकोनी कोरीव खांब उभे आहेत ना, ते इथले. त्यांच्यावर द्राक्षवेल इतकी खोल कोरलीय की पानामागे बोट जातं. मी घालून पाहिलं, पहारेकऱ्याने हटकलं.

भैरवी_मात्रा

आणि फ्रेंच संगीतकार गुनो? त्याचाही पोलिएक्त आहे ना? तिसरा ऑपेरा.

विंगेतून

आहे, आणि त्याची कथा खेळापेक्षा रंजक आहे. गुनो लंडनमध्ये जॉर्जिना वेल्डन या गायिकेच्या घरी राहत होता. तिथून तो फ्रान्सला परतला, पण ‘पोलिएक्त’चं हस्तलिखित बाईने अडकवून ठेवलं. गुनोने वैतागून ते आठवणीतून पुन्हा लिहून काढलं. मग बाईने मूळ प्रत परत केली, तर पानापानावर तिची सही! अखेर 7 ऑक्टोबर 1878 ला पॅरिसमध्ये लागला आणि पडला. गुनोला मनापासून वाटत होतं की हीच आपली मोठी कृती. त्यातलं तुरुंगातलं गाणं मात्र ऐकण्यासारखं, कॉर्नेयचं तेच काचेचं स्वगत त्याने सुरात बांधलंय. बाकी मला धूप जास्त आणि माणसं कमी वाटली.

पॉल द्युकास (झाडूवाला जादूगाराचा शागीर्द ज्याचा, तोच) याचीही एक ओव्हर्चर (नुसत्या वाद्यवृंदाची नांदी म्हणा) आहे ‘पोलिएक्त’ नावाची, 1892 मध्ये पॅरिसला वाजली. शब्द नाहीत, मूर्ती नाहीत, फक्त वाद्यं. तिशीही न गाठलेल्या पोराचं काम, वाग्नर बराच डोकावतो.

मुळाकाठ

काल रात्री तुम्ही सांगितलेलं 1960 चं लावलं. सुरुवातीला मन लागेना, मूर्ती डोक्यातून जात नव्हत्या. भांडी घासत होतो, फोन ओट्यावर. शेवटचं युगुलगीत आलं तेव्हा हार्प सुरू झाली. तो एक ओळ घेतो, ती तीच ओळ घेते, मग दोघं एकत्र. मी नळ बंद केला. बायको आतून म्हणाली, पाणी गेलं का?

पोलिउतोबद्दलचं माझं मत अजून तेच आहे. पण ते गाणं परत लावलं.

विंगेतून

नूरीने ते दोनिझेत्तीसमोर बसून शिकलं असणार. किती वेळा, कोण जाणे.